नागमोडी रेघ : बर्लिनच्या वास्तूंविषयी

मराठी प्रवासवर्णने वाचताना एक गोष्ट हटकून आढळते. शहर युरोपातले असले की ‘जुन्या-नव्याचा सुरेख संगम’ हे शब्द कुठे ना कुठे येतातच. एकीकडे शतकांचा साक्षीदार असलेला मनोरा, दुसरीकडे काचेची इमारत, आणि मध्ये भारावलेला लेखक. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे हा ‘संगम’ आम्हांला दरवर्षी कोणत्या ना कोणत्या पाठात भेटतो. त्याविषयी आमची तक्रार एवढीच, की तो शब्द फसवा आहे. नद्यांचा संगम आपोआप होतो. तेथे कोणाला काही ठरवावे लागत नाही. शहरात मात्र काय राखायचे, काय पाडायचे आणि पाडलेले पुन्हा उभारायचे की नाही, हे कोणीतरी ठरवलेले असते. त्या ठरवण्यामागे पैसा असतो, सत्ता असते, सूडही असतो. ‘सुरेख संगम’ म्हटले की हे सारे झाकले जाते.

बर्लिनमध्ये ते झाकता येत नाही. उंटर डेन लिंडन या प्रशस्त रस्त्याच्या पूर्व टोकाला शिंकेलने बांधलेला एक पूल आहे. त्यावर उभे राहिले की उजव्या हाताला एक भव्य बरोक राजवाडा दिसतो. कोरीव कमानी, शिल्पांनी नटलेले कठडे, वर घुमट आणि घुमटावर सोनेरी क्रूस. परिसरातील ही सर्वांत जुनी इमारत असावी, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात ती सर्वांत नव्या इमारतींपैकी एक आहे. तिची कोनशिला २०१३ साली बसवली गेली आणि २०२० च्या डिसेंबरात ती पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. भिंतींच्या आत सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा आहे. तिचे नाव राजवाडा नसून ‘हुम्बोल्ट फोरम’ आहे आणि आत संग्रहालये आहेत. त्याच जागेवर ज्या ‘आधुनिक’ इमारतीला पाडून ती उभी राहिली, ती इमारत वयाने हिच्याहून चाळीसहून अधिक वर्षांनी मोठी होती. म्हणजे येथे जुने पाडून नवे बांधले गेले. फरक इतकाच, की पाडलेले जुने नव्यासारखे दिसत होते आणि बांधलेले नवे जुन्यासारखे दिसते.

हा गुंता उलगडायचा तर थोडे मागे जावे लागेल. श्प्रे नदीतील बेटावर ब्रांडेनबुर्गच्या अधिपतीने १४४३ साली गढीवजा वाड्याचा पाया घातला. सतराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रेआस श्ल्यूटर या शिल्पी-वास्तुकाराने त्याला बरोक रूप देण्यास आरंभ केला. पुढे प्रशियाचे राजे तेथे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास श्ट्यूलर याने पश्चिमेच्या प्रवेशद्वारावर घुमट चढवला. (श्ट्यूलरचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.) १९१८ साली कैसर गेला आणि वाडा रिकामा झाला. १९४५ च्या फेब्रुवारीतील बाँबहल्ल्यात तो जळाला. तथापि भिंती उभ्या होत्या. युद्धानंतर त्याच्या काही दालनांत प्रदर्शनेही भरली. १९५० साली पूर्व जर्मनीच्या राज्यकर्त्यांनी, मुख्यतः वॉल्टर उल्ब्रिश्ट यांनी, तो सुरुंग लावून उडवला. दुरुस्तीचा खर्च परवडत नाही हे एक कारण सांगितले गेले. दुसरे कारण उघड होते. प्रशियाच्या राजेशाहीचे ते प्रतीक नव्या समाजवादी राज्याला आपल्या राजधानीच्या मध्यभागी नको होते. त्या मोकळ्या जागेवर संचलने होऊ लागली.

एक तपशील येथे नोंदवलाच पाहिजे. सगळा वाडा उडवताना एक दरवाजा मात्र वाचवला गेला. १९१८ च्या नोव्हेंबरात कार्ल लिबक्नेख्ट याने त्या दरवाजावरील सज्जातून समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा केली, असे मानले जाते. पूर्व जर्मनीने १९६० च्या दशकात शेजारीच राज्य परिषदेची आधुनिक इमारत बांधली, तेव्हा हा दरवाजा तिच्या दर्शनी भागात बसवला. साधी, सरळ रेषांची इमारत आणि तिच्या अंगात मध्येच एक बरोक कमान. साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर हे अवतरण आहे. शत्रूच्या ग्रंथातील आपल्याला सोयीचे एकच वाक्य उद्धृत करायचे आणि उरलेला ग्रंथ जाळायचा. आज त्या इमारतीत व्यवस्थापनशास्त्राची शाळा भरते. हा विनोद कोणी रचलेला नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य.

वाड्याच्या रिकाम्या जागेवर १९७३ ते १९७६ या काळात ‘पालास्ट डेर रेपुब्लिक’, म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रासाद, उभा राहिला. हाइन्झ ग्राफुंडर हे त्याचे मुख्य वास्तुकार. पांढरा संगमरवर आणि तांबूस छटेच्या काचा. आत पूर्व जर्मनीचे विधिमंडळ होते, ही गोष्ट सर्व इतिहासांत येते. मात्र सुमारे पाच हजार माणसांचे सभागृह, उपाहारगृहे, नाट्यगृह, बोलिंगचा खेळ हेही त्याच छताखाली होते. लोक तेथे नाचायला, जेवायला, गाणी ऐकायला जात. दिवाणखान्यातील असंख्य दिव्यांमुळे बर्लिनकरांनी त्याला राष्ट्रप्रमुख होनेकर यांच्या नावावरून ‘एरिखचे दिव्यांचे दुकान’ म्हणायला सुरुवात केली. विधिमंडळाला तेथे स्वतंत्र मत फारसे कधी नव्हते. पण १९९० च्या ऑगस्टात मुक्त निवडणुकीतून आलेल्या सभेने पश्चिम जर्मनीत सामील होण्याचा निर्णय घेतला तो याच वास्तूत. त्यानंतर महिन्याभरातच, अ‍ॅस्बेस्टॉसच्या धोक्यामुळे, इमारत बंद झाली. उघडी होती ती चौदा वर्षे.

पुढील वाद सोळा वर्षे चालला. १९९३ साली वाड्याच्या पुरस्कर्त्यांनी त्या जागेवर मचाणे बांधून पूर्वीच्या दर्शनी भागाचे पूर्ण आकाराचे चित्र कापडावर रंगवून लावले. उंटर डेन लिंडनवरून येणाऱ्याला क्षणभर वाटे की राजवाडा परत आला. मतपरिवर्तनाला या चित्राचा मोठा हातभार लागला, असे म्हणतात. २००२ साली जर्मन संसदेने मोठ्या बहुमताने ठरवले की येथे वाड्याच्या बाह्यांगासह नवी इमारत उभी करावी. २००६ ते २००८ या काळात पालास्ट पाडला गेला. स्पर्धेतून फ्रांको स्टेला या इटालियन वास्तुकाराची निवड झाली. तीन बाजू आणि आतील एक अंगण बरोक; नदीकडची पूर्व बाजू मात्र साधी, चौकटींची, आजची. जुनी छायाचित्रे आणि मोजमापे यांवरून दगडी शिल्पे पुन्हा घडवण्यात आली. ते काम कसबाचे आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. दर्शनी भागासाठी दहा कोटी युरोंहून अधिक रक्कम देणग्यांतून जमली.

आता श्ट्यूलरकडे. राजवाड्याचा घुमट बांधणाऱ्या याच वास्तुकाराने, त्याच काळात, पाच-सात मिनिटांच्या वाटेवर आणखी एक इमारत उभारली : नॉयेस मुझेउम, म्हणजे नवे संग्रहालय (१८४३ ते १८५५). तिच्यावरही युद्धात बाँब पडले. जिन्याचे भव्य दालन जळाले, त्याच्या भिंतींवरील काउलबाखची प्रचंड चित्रमाला नष्ट झाली, वायव्येचा भाग कोसळला. पूर्व जर्मनीने ती पाडली नाही आणि बांधलीही नाही. चार दशके ती पावसात उभी राहिली. एकीकरणानंतर हे काम डेव्हिड चिपरफील्ड या ब्रिटिश वास्तुकाराकडे आले. जुन्या वास्तूंचे जाणकार ज्युलियन हॅरॅप त्यांच्या जोडीला होते. संग्रहालय २००९ साली उघडले.

एकाच ग्रंथकाराच्या दोन ग्रंथांच्या, जवळजवळ एकाच वेळी, एकाच गावात निघालेल्या या दोन आवृत्त्या आहेत. संपादनाच्या वर्गात उदाहरण म्हणून मुद्दाम रचावे इतका हा योग नेमका आहे.

चिपरफील्ड यांनी काय केले? जेथे श्ट्यूलरचा गिलावा शिल्लक होता तेथे तो राखला, रंग शिल्लक होता तेथे रंग. जेथे काहीच नव्हते तेथे नवे घातले, पण जुन्याचे सोंग घेऊ दिले नाही. जिना मूळ जागी, मूळ आकारमानाचाच आहे. पण तो फिकट पांढऱ्या काँक्रीटचा, अलंकाररहित आहे. भोवतालच्या भिंती उघड्या विटांच्या. काउलबाखची चित्रे पुन्हा रंगवली नाहीत. कोसळलेला भाग बांधताना अन्यत्रच्या जुन्या विटा आणून वापरल्या, पण त्यांवर जुनी नक्षी उमटवली नाही. बाहेरच्या खांबांवरील गोळ्यांच्या खुणा बुजवल्या नाहीत. आतल्या एका चौकात पाँपेईच्या विध्वंसाचे उठावशिल्प आहे. एका प्राचीन नगराच्या नाशाचे हे चित्र बर्लिनच्या नाशातून बचावले, आणि आज ते कमी-अधिक भग्न अवस्थेतच दिसते. चालता चालता डोळा सतत सांधा शोधतो : हे त्याचे, हे यांचे. सांधा लपवलेला नाही. तरीही दालन तुटक वाटत नाही. २०११ साली या कामाला युरोपीय संघाचा मीस फान डेर रोह पुरस्कार मिळाला. विरोध मात्र कमी नव्हता. हे संग्रहालय नसून भग्नावशेषाचे कौतुक आहे, राष्ट्राला आपल्या जखमा किती दिवस दाखवत बसायचे आहे, असे म्हणणारे पुष्कळ होते.

येथे आम्हांला पुण्याला यावेच लागते, आणि ते ओढूनताणून नव्हे. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखटणकर (१८८७–१९४३) हे बर्लिन विद्यापीठात हाइनरिख ल्यूडर्स यांचे शिष्य होते. शाकटायनाच्या व्याकरणावरील आपला प्रबंध त्यांनी तेथे लिहिला. ल्यूडर्स यांनी १९०८ सालीच महाभारताच्या संभाव्य चिकित्सित आवृत्तीचा एक छोटासा नमुना छापला होता. युरोपातील ती योजना महायुद्धात विरली आणि १९१९ साली भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने ते काम हाती घेतले. सुखटणकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले, त्यांचे आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि साऱ्या पर्वांचे काम १९६६ मध्ये. (‘युगान्त’ जिच्या आधारे लिहिले गेले ती हीच आवृत्ती. त्याच्या लेखिका इरावती कर्वे यांचे डॉक्टरेटचे शिक्षणही बर्लिनचेच. बर्लिनचे मराठीवरील हे ऋण आपण क्वचितच मोजतो.) सुखटणकर विद्यार्थी म्हणून त्या शहरात राहिले तेव्हा विद्यापीठापासून काही मिनिटांवर कैसरचा वाडा गजबजलेला होता आणि श्ट्यूलरचे संग्रहालय अखंड होते.

या आवृत्तीचे पान विद्यार्थ्यांसमोर ठेवले की एक प्रश्न ठरलेला असतो. काही शब्दांखाली नागमोडी रेघ का आहे? उत्तर असे, की तो पाठ संपादकाने स्वीकारला आहे, पण त्याविषयी त्याची पूर्ण खात्री नाही. ज्या ओळी मूळ संहितेतील नाहीत असे हस्तलिखितांवरून दिसले, त्या फेकून दिलेल्या नाहीत. लहान असतील तर तळटीपेत आणि लांब असतील तर परिशिष्टात दिल्या आहेत. गणपतीने व्यासांचा लेखक होण्याचा प्रसंग, जो आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो, तो संहितेतून निघाला आणि परिशिष्टात गेला. महाराष्ट्रात बसून गणपतीला परिशिष्टात पाठवणे ही साधी गोष्ट नव्हती. तथापि तो तेथे आहे, कोणत्या हस्तलिखितांत आढळतो याच्या नोंदीसह. वाचक संपादकाशी वाद घालू शकतो, कारण वादाला लागणारे सर्व साहित्य संपादकानेच त्याच्या हाती दिले आहे.

चिपरफील्ड यांचा पांढरा जिना ही आम्हांला तशीच नागमोडी रेघ वाटते. येथे जिना होता हे नक्की. तो कसा दिसे याची चित्रे आहेत. पण तो आता नाही, आणि हा मी घातलेला आहे, असे ती वास्तू सांगते.

येथपर्यंत आम्हां दोघांचे एकमत आहे. राजवाड्याकडे वळलो की ते मोडते.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की पुन्हा उभारलेल्या राजवाड्याला ‘खोटा’ म्हणणे हा आपल्या परंपरेवरच अन्याय आहे. आपल्याकडची प्रत्येक पोथी ही नक्कलच असते. ज्ञानेश्वरांच्या हातची पोथी आपल्याजवळ नाही, म्हणून ज्ञानेश्वरी खोटी ठरत नाही. मूळ वस्तू टिकली तरच ती खरी, हा हट्ट युरोपाचा, तोही अलीकडचा. शिवाय वास्तू एकटी नसते. समोरचे शिंकेलचे संग्रहालय, मधली बाग, सारा रस्ता, यांची रचना राजवाडा गृहीत धरून झाली होती. तो नसता तर ती वाक्ये कर्त्यावाचून लोंबकळत राहिली असती. वॉर्साचे उदाहरणही त्याच्या बाजूने बोलते. नाझींनी ते शहर ठरवून जमीनदोस्त केले. पोलिश लोकांनी जुनी नगरी रेखाटने, नोंदी आणि अठराव्या शतकातील बेलोत्तोची नगरचित्रे यांच्या आधारे पुन्हा बांधली. १९८० साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले, ते तिच्या पुनर्बांधणीसाठीच. तिला खोटी म्हणण्याची छाती कोणाची आहे?

हा युक्तिवाद वजनदार आहे. दुसऱ्याचे उत्तर असे, की नकलेला आक्षेप नाहीच. नक्कल करणारा पोथीच्या शेवटी पुष्पिका लिहितो : कोणी लिहिली, कोठे, कोणत्या शकात. बर्लिनच्या राजवाड्याची पुष्पिका म्हणजे स्टेलाची ती साधी पूर्व बाजू. पण ती नदीकडे आहे आणि बहुतेक पाहुणे पश्चिमेकडून येतात. ग्रंथ उघडल्याबरोबर ती दिसत नाही. तेही एक वेळ सोडून देऊ. खरा प्रश्न, ही नक्कल कोणत्या कागदावर लिहिली गेली, हा आहे. वॉर्सात राडारोड्यावर बांधले गेले. बर्लिनमध्ये आधी लिहिलेले पान खरवडून त्यावर लिहिले गेले. उल्ब्रिश्ट यांनी राजवाड्याचे जे केले, तेच पुढच्यांनी पालास्टचे केले. सुरुंगाऐवजी संसदेचा ठराव आला, आणि हा फरक लहान नाही, हे आम्ही दोघेही मानतो. परंतु पान खरवडलेच गेले. ज्यांची लग्नाची जेवणे, पहिली नाचगाणी तेथे झाली, त्यांना सांगण्यात आले की तुमची ती चौदा वर्षे हा प्रक्षेप होता. प्रक्षेप असेलही. पण त्याला परिशिष्ट मिळायला हवे होते.

अगदी मिळाले नाही, असेही नाही. हुम्बोल्ट फोरमच्या आत आज पालास्टमधल्या काही वस्तू दिसतात, आणि २०२४ मध्ये त्याच्याविषयी एक मोठे प्रदर्शनही तेथे भरले. ग्रंथ छापून झाल्यावर सुचलेले परिशिष्ट, असे त्याला म्हणावे लागेल. घुमटावरील क्रूसाने तर वाद अधिकच चिघळवला. २०२० च्या मे महिन्यात तो बसवला गेला आणि घुमटाच्या कंठाभोवती राजा चौथा फ्रीड्रिश विल्हेल्म याने निवडलेली, येशूच्या नावापुढे सर्वांनी गुडघे टेकावेत अशा आशयाची वचनेही पुन्हा कोरली गेली. ज्या इमारतीत आशिया-आफ्रिकेतून नेलेल्या वस्तू मांडायच्या, तिच्या डोक्यावर हे शब्द! मूळ बरहुकूम नक्कल करायची म्हटली की मूळ ग्रंथातील उद्दामपणाही उतरवून घ्यावा लागतो. येथे तळटीप देण्याची सोय नसते.

क्रूसावरून आठवले. १९६९ साली पूर्व जर्मनीने याच भागात, आज ३६८ मीटर उंच असलेला, दूरदर्शन मनोरा उभारला. निरीश्वरवादी राज्याचे ते भूषण. त्याच्या पोलादी गोलावर ऊन पडले की उजेडाचा ठसठशीत क्रूस उमटतो आणि तो काही केल्या पुसता आला नाही. बर्लिनकर त्याला ‘पोपचा सूड’ म्हणतात. निकोलाई पेठेचा किस्साही असाच. शहराच्या ७५० व्या वर्धापनदिनासाठी, १९८७ पर्यंत, राजवाडा उडवणाऱ्या याच राज्याने एका मध्ययुगीन चर्चभोवती ‘जुनी’ पेठ नव्याने बांधली. तीत साच्यातून काढलेल्या काँक्रीटच्या तयार भिंतींना उतरत्या छपरांचा जुना आकार दिलेला आहे. जुन्याची हौस कोणत्याही एका विचारसरणीची मक्तेदारी नाही.

शहराच्या पश्चिम भागात वेगळीच गोष्ट घडली. कैसर विल्हेल्म स्मृती-चर्च (१८९५) नोव्हेंबर १९४३ मधील हवाई हल्ल्यात उद्ध्वस्त झाले. १९५० च्या दशकातील स्पर्धेत एगॉन आयरमान यांची योजना निवडली गेली; तीत अवशेष पूर्ण पाडून नवे चर्च बांधायचे होते. लोक खवळले. शेवटी तडजोड झाली : फुटका मनोरा तसाच राहिला आणि त्याच्या दोन्ही अंगांना आयरमान यांनी अष्टकोनी चर्च व षट्कोनी घंटाघर उभारले (१९६१). चर्चच्या भिंतींत शार्त्र येथील गाब्रिएल लुआर यांनी घडवलेली वीस हजारांहून अधिक निळ्या काचांची तावदाने आहेत. बाहेरून ती करडी, कंटाळवाणी दिसतात. आत गेल्यावर माणूस निळ्या प्रकाशात बुडतो. वास्तुकाराला नको असलेली गोष्ट लोकांनी त्याच्या गळ्यात मारली आणि त्यातूनच त्याची सर्वांत लक्षात राहणारी कृती घडली. संपादकाच्या मतापेक्षा वाचकांचा आग्रह शहाणा ठरल्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण आहे. आम्ही ते वर्गात सांगत नाही, कारण विद्यार्थी त्याचा गैरफायदा घेतील.

संसदभवनाची कथा सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात. पॉल वालोट यांची १८९४ ची इमारत, १९३३ ची आग, १९४५ ची लढाई, आणि १९९९ मध्ये नॉर्मन फॉस्टर यांनी दिलेला काचेचा घुमट. फॉस्टर यांच्या पहिल्या आराखड्यात घुमट नव्हता. तो राजकारण्यांनी मागितला. प्रतिनिधींच्या डोक्यावरून सामान्य नागरिक चालत जातात, या कल्पनेचे फार कौतुक झाले आहे. आम्हांला त्याहून मोलाची वाटते ती आतल्या भिंतींवर मुद्दाम राखलेली रशियन सैनिकांची कोळशा-खडूची अक्षरे. जिंकून आलेल्या शत्रूची हस्ताक्षरे आपल्या संसदेच्या भिंतीवर ठेवायची, हे धैर्य सोपे नव्हे. ती पुसावीत अशी मागणी झालीच होती. आणि लिबेस्किंड यांचे ज्यू संग्रहालय (इमारत १९९९, उद्घाटन २००१) : जस्ताच्या पत्र्याने मढवलेल्या त्या नव्या वास्तूला स्वतःचे दारच नाही. शेजारच्या १७३५ च्या बरोक इमारतीतून जमिनीखाली उतरावे लागते, तेव्हाच तिच्यात प्रवेश होतो. वर पाहिले तर जुने आणि नवे एकमेकांना शिवतही नाहीत.

काळ पुढे जातो तशी ‘आधुनिक’ ही संज्ञाही म्हातारी होते, हे सांगायला हवे. मीस फान डेर रोह यांची १९६८ ची नवी राष्ट्रीय कलादीर्घा, पोलाद आणि काच यांचा तो अत्यंत नितळ मंडप, गेल्या दशकात जीर्णोद्धारासाठी बंद करावा लागला. काम पुन्हा चिपरफील्ड यांच्याकडेच गेले. त्यांनी हजारो भाग सुटे करून, दुरुस्त करून परत मूळ जागी बसवले, आणि २०२१ मध्ये ती उघडली तेव्हा त्यांचा हात कोठे लागला हे ओळखणे कठीण होते. म्हणजे ज्या संपादकाने एका ग्रंथात पानोपानी नागमोडी रेघा दिल्या, त्यानेच दुसऱ्या ग्रंथात स्वतःला पूर्ण पुसून टाकले. यात विसंगती आहे असे आम्हांला वाटत नाही. तेथे संहिता शाबूत होती. शंका घ्यायला जागाच नव्हती.

पालास्टच्या शेवटच्या दिवसांतील एक गोष्ट सांगायची राहिली. अ‍ॅस्बेस्टॉस काढताना इमारतीची आतली सारी अंगे उतरवली गेली आणि केवळ सांगाडा उरला. पाडण्याआधीच्या त्या मोकळ्या काळात तेथे नाटके, प्रदर्शने, मैफली झाल्या. २००५ च्या आरंभी लार्स रामबेर्ग या नॉर्वेजियन कलावंताने छतावर माणसाच्या उंचीहून कितीतरी मोठी, प्रकाशाची अक्षरे उभारली. शब्द एकच : ‘त्स्वाइफेल’. म्हणजे शंका. काही महिने राजधानीच्या मध्यभागी, राजवाडा पाडलेल्या आणि राजवाडा उभा राहणार असलेल्या त्या जागेवर, रात्री तो शब्द दुरून वाचता येत होता. मग अक्षरे उतरवली गेली, आणि पुढच्या वर्षी इमारत पाडायला सुरुवात झाली.

ज्या दरवाजावरून लिबक्नेख्टची घोषणा झाली, तो नव्या राजवाड्यातही आहे. नक्कल करताना तोही पुन्हा घडवावा लागला. जुने दगड आहेत ते पलीकडे, व्यवस्थापनशास्त्राच्या शाळेच्या भिंतीत. त्यांतीलही थोडेच मूळचे, बाकीचे १९६० च्या दशकात पुन्हा कोरलेले. एकाच परिसरात आज ते दोन दरवाजे उभे आहेत.